जमादार मीर दस्त : ईप्रच्या विषारी धुरातला आफ्रिदी

आमच्या मुलांना परमवीर चक्र म्हटलं की हवालदार अब्दुल हमीद यांचं नाव आठवतं. १९६५ मध्ये असल उत्तरला त्यांनी रणगाडे कसे उडवले, हे शाळेत सांगितलं जातं. ब्रिगेडियर उस्मान यांचं नावही आता घराघरात पोचलंय. पण त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या महायुद्धात, सरहद्दीकडच्या एका मुसलमान जमादाराने बेल्जियमच्या शेतात जे केलं ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. उर्दूत थोडंफार वाचायला मिळतं, मराठीत जवळजवळ नाहीच. म्हणून आज आम्ही जमादार मीर दस्त यांच्याविषयी लिहीत आहोत.

आधी त्या 'जमादार' शब्दाचा खुलासा करायला हवा. आपल्याकडे जमादार म्हटलं की कुणाला बांधकामावरचा मुकादम आठवतो, कुणाला नगरपालिकेचा सफाईवाला. इंग्रजांच्या फौजेत मात्र जमादार हा हिंदी अधिकाऱ्यांमधला सगळ्यात खालचा दर्जा होता. आजच्या सैन्यात त्याला नायब सुभेदार म्हणतात. त्याच्यावर सुभेदार, आणि सुभेदाराच्या वर सुभेदार मेजर. खांद्यावर अधिकाऱ्याचं चिन्ह असायचं, शिपाई सलाम ठोकायचे, हाताखाली पन्नासेक माणसांची तुकडी असायची. पण विलायतेतून कालच आलेला, ओठावर मिसरूडही न फुटलेला इंग्रज लेफ्टनंट या सगळ्यांच्या वर. वीस वर्षं नोकरी झालेल्या जमादाराने त्या पोराचा हुकूम ऐकायचा, असा तो कायदा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण २६ एप्रिल १९१५ च्या दुपारी नेमकं याच कायद्याचं काय झालं ते पुढे येणार आहे.

मीर दस्त यांचा जन्म ३ डिसेंबर १८७४ चा, तिराहमधल्या मैदान या खोऱ्यातला. तिराह म्हणजे पेशावरच्या नैर्ऋत्येला, खैबर खिंडीच्या पलीकडे असलेला उंच डोंगरी मुलूख. आफ्रिदी पठाणांचा हा मुलूख कुणाच्या राज्यात नीटसा कधी आलाच नाही. तिथली जमीन थोडी, माणसं जास्त, आणि हातात बंदूक लहानपणापासून. त्यामुळे आफ्रिदी तरुणांसमोर दोन वाटा असायच्या. एक, डोंगरात राहून इंग्रजांशी लढायचं. दुसरी, खाली उतरून इंग्रजांच्या पलटणीत भरती व्हायचं आणि दर महिन्याला पगार घरी पाठवायचा. एकाच घरातले दोन भाऊ या दोन वेगळ्या वाटांनी गेलेले असायचे, आणि त्यात कुणाला फार नवल वाटत नसे.

मीर दस्त १८९४ मध्ये भरती झाले, वयाच्या विशीत. त्यांची पलटण पुढे ५५ वी कोक्स रायफल्स म्हणून ओळखली गेली. ही फ्रंटियर फोर्सची, म्हणजे सरहद्दीच्या पहाऱ्यासाठी उभी केलेली पलटण. ते भरती होऊन तीन वर्षं झाली नाहीत तोच १८९७ मध्ये आफ्रिदींनी खैबरच्या चौक्यांवर हल्ला केला, आणि इंग्रजांनी मोठी फौज घेऊन तिराहवर चाल केली. त्या मोहिमेत मैदान खोऱ्यातली घरं आणि धान्याचे साठे जाळण्यात आले. ज्या सरकारचं मीठ मीर दस्त खात होते, त्याच सरकारने त्यांच्या जन्मखोऱ्याला आग लावली. तरी ते फौजेत राहिले. यावरून त्यांना नावं ठेवणं आज घरी बसून फार सोपं आहे. आम्ही ते करणार नाही. गरीब डोंगरी मुलखातल्या माणसाच्या पोटाचा, इमानाचा आणि दिलेल्या शब्दाचा हिशेब आपल्याला इतक्या लांबून मांडता येत नाही.

त्यांचं पहिलं मोठं पदक १९०८ चं. त्या वर्षी मोहमंद टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत दाखवलेल्या बहादुरीबद्दल त्यांना 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट'चा दुसरा वर्ग मिळाला. हे पदक साधंसुधं नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीने ते १८३७ मध्ये सुरू केलं होतं, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसपेक्षाही जुनं. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला खरा, पण हिंदी शिपायांना तो मिळतच नसे. इंग्रज शिपाई आणि हिंदी शिपाई एकाच खंदकात, एकाच गोळीसमोर उभे राहिले तरी पदकं वेगळी. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहाने ही अडसर काढली आणि तेव्हापासून हिंदी शिपाईही व्हिक्टोरिया क्रॉसला पात्र झाले. १९०९ मध्ये मीर दस्त जमादार झाले. घरचे खूष, पलटणीत इज्जत. सगळं असंच चाललं असतं तर निवृत्त होऊन ते गावच्या मशिदीबाहेर बसून पोरांना गोष्टी सांगत राहिले असते.

पण १९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटलं. इंग्रजांकडे तयार फौज कमी होती, म्हणून हिंदुस्थानातून लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन फ्रान्सला रवाना झाल्या. पंजाबी, डोग्रा, शीख, गढवाली, गुरखे, पठाण. अंगावर उन्हाळी कपडे, आणि समोर फ्लँडर्सचा चिखल आणि थंडी. ३१ ऑक्टोबर १९१४ ला हॉलेबेकपाशी १२९ व्या बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान आपल्या मशिनगनपाशी बाकी सगळे मारले गेल्यावरही लढत राहिले. हिंदी शिपायाला मिळालेला तो पहिला व्हिक्टोरिया क्रॉस. खुदादाद खान चकवालकडचे, तेही मुसलमान. त्यांच्यानंतर दरवान सिंग नेगी, मग गबर सिंग नेगी. गबर सिंगांना तो मरणोत्तर मिळाला. चौथे आपले मीर दस्त.

मीर दस्त यांची स्वतःची पलटण फ्रान्सला गेली नव्हती. पण तिथल्या पलटणींची माणसं इतकी पडत होती की इथल्या पलटणींतून माणसं काढून तिकडे जोडावी लागली. तसे मीर दस्त ५७ व्या वाइल्ड्स रायफल्समध्ये गेले. ही पलटण लाहोर डिव्हिजनच्या फिरोजपूर ब्रिगेडमधली. खुदादाद खान यांची बलुची पलटणही याच ब्रिगेडमध्ये होती.

आता थोडं त्यांच्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही कहाणी अर्धीच राहते. मीर दस्त यांचा भाऊ मीर मस्त, तोही जमादार. तो ५८ व्या वॉन्स रायफल्समध्ये होता आणि तोही फ्रान्सच्या आघाडीवर. त्याच्या छातीवरही शौर्याचं पदक होतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने, जो तेव्हा खलिफाही होता, इंग्रज, फ्रेंच आणि रशियनांविरुद्ध जिहादचा पुकारा केला. जर्मनी तुर्कस्तानच्या बाजूला. जर्मन लोक हिंदी शिपायांच्या खंदकांत त्यांच्या भाषेत लिहिलेली पत्रकं टाकत. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या मुसलमान शिपायाच्या मनात त्या दिवसांत काय कालवाकालव झाली असेल, ते समजायला फार विद्वान असावं लागत नाही. मार्च १९१५ च्या सुरुवातीला, पावसाच्या एका रात्री, मीर मस्त आपल्या काही आफ्रिदी साथीदारांना घेऊन खंदकातून निघाला आणि जर्मनांना जाऊन मिळाला. पुढे जर्मनांनी त्याला तुर्कस्तानमार्गे परत तिराहकडे पाठवलं, इंग्रजांविरुद्ध टोळ्या उठवायला. जर्मन कैसरने त्याला आयर्न क्रॉस दिला अशी एक गोष्ट फिरते. ऐकायला छान आहे, एक भाऊ व्हिक्टोरिया क्रॉसवाला आणि दुसरा आयर्न क्रॉसवाला, पण तिला पक्का पुरावा नाही. म्हणून ती आम्ही दंतकथेतच ठेवतो.

मीर मस्त हा काही एकटा नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत रंगूनला १३० व्या बलुची पलटणीत बंडाळी झाली. फेब्रुवारीत सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केलं आणि त्यापैकी ४७ जणांना भिंतीसमोर उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. पुढच्या वर्षी बसऱ्याला १५ व्या लान्सर्सच्या स्वारांनी तुर्कांवर चालून जायला नकार दिला. दुसरीकडे, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या हिंदी मुसलमानांचा आकडा चार लाखांच्या घरात सांगितला जातो. म्हणजे दोन्ही होतं. एका बाजूला नकार, दुसऱ्या बाजूला वफा, आणि बहुतेकांच्या मनात दोन्ही थोडं थोडं.

भाऊ पळून गेल्याला आठ आठवडेही झाले नव्हते, तोच मीर दस्त यांच्यावर ती दुपार आली.

२२ एप्रिल १९१५ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास जर्मनांनी ईप्र शहराच्या उत्तरेला आपल्या खंदकांतून हजारो नळकांडी उघडली आणि क्लोरीन वायू सोडला. पश्चिमेकडच्या आघाडीवर विषारी वायूचा एवढा मोठा हल्ला त्याआधी कधीच झाला नव्हता. पहिला तडाखा फ्रेंचांच्या तुकड्यांना बसला. त्यात अल्जीरियातून आणलेले शिपाईही होते, म्हणजे तिथेही आपलेच मुसलमान भाऊ होते. हिरवट पिवळा ढग जमिनीवरून सरपटत आला आणि माणसं गुदमरून पडू लागली. आघाडीला काही मैलांचं भगदाड पडलं.

क्लोरीन म्हटलं की आमच्या विद्यार्थ्यांना नळाचं पाणी किंवा घरातली ब्लीचिंग पावडर आठवते, आणि ते बरोबरही आहे. पाण्यात थोडासा घातला की जंतू मरतात. पण तोच वायू भरपूर प्रमाणात छातीत गेला की आतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल तयार होतं. फुप्फुसं जळतात आणि त्यांत पाणी भरायला लागतं. माणूस जमिनीवर असूनही पाण्यात बुडून मरतो तसा मरतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो खाली बसतो, खंदकात भरतो, खड्ड्यात साचतो. उभा राहणाऱ्याला कमी लागतो, आडवा पडलेल्याला जास्त. म्हणजे जखमी होऊन जमिनीवर पडलेल्या माणसाची सगळ्यात वाईट गत. हे विज्ञान आम्ही मुद्दाम सांगतोय. मीर दस्त यांनी जे केलं त्याची किंमत त्याशिवाय कळत नाही.

भगदाड बुजवायला लाहोर डिव्हिजनला दक्षिणेकडून तातडीने बोलावलं गेलं. दगडी फरसबंदीच्या निसरड्या रस्त्यांवरून, पाठीवर ओझं घेऊन, शिपाई दीड दिवसात तीसेक मैल चालून आले. पुरती झोप नाही, पुरतं जेवण नाही. समोरचा मुलूख कुणी पाहिलेला नाही. २६ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास व्हिल्तये गावाजवळून हल्ल्याचा हुकूम सुटला. जर्मन खंदक समोरच्या उंचवट्यावर. मध्ये जवळजवळ मैलभर उघडी जमीन, कुठे आडोसा नाही. आधी चढ, मग उतार, मग पुन्हा चढ. जर्मनांना वरून सगळं दिसत होतं. हा हल्ला ज्यांनी आखला त्यांच्या अकलेबद्दल पुढे पुष्कळ लिहिलं गेलंय, आम्ही वेगळं काय सांगणार.

रायफली आणि मशिनगनी सुरू झाल्या. ५७ वी पलटण पुढे सरकली, माणसं पडत गेली. जर्मन खंदकापासून थोड्या अंतरावर आल्यावर समोरून तोच हिरवट ढग निघाला. आपल्या शिपायांकडे मास्क नव्हते. मास्क म्हणजे काय हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी पागोट्याचं टोक भिजवून तोंडावर धरलं, कुणी कापडावर लघवी करून ते नाकाला लावलं, कारण त्याने वायू थोडा अडतो असं सांगितलं गेलं होतं. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण ज्यांनी केलं त्यातले काही वाचले. फिरोजपूर ब्रिगेडवर तो ढग आला आणि रांग फुटली. बरेचसे मागे फिरले. त्यांना दोष देता येत नाही. श्वासच घेता येत नसेल तर शूर माणूसही धावतो.

मीर दस्त मागे फिरले नाहीत. आपल्या तुकडीला घेऊन ते हल्ल्यात पुढे गेले होते. बाकीचे मागे सरकल्यावर ते आघाडीच्या खंदकातच थांबले. आजूबाजूला एकही इंग्रज अधिकारी उरला नव्हता. काही मेले होते, काही जखमी होऊन पडले होते. इथे त्या वर सांगितलेल्या कायद्याचं काय झालं ते पाहा. हुकूम देणारा कुणी नव्हता, म्हणून जमादाराने हुकूम हाती घेतला. जो सापडेल त्याला गोळा केलं. आपल्या तुकडीचा असो की दुसऱ्या, थोडा वायू लागलेला असो की हाताला गोळी लागलेला. कुणी बसून खोकतोय, कुणी ओकतोय, कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीये. अशा माणसांची त्यांनी पुन्हा फळी उभी केली आणि अंधार पडून मागे येण्याचा हुकूम येईपर्यंत ती जागा धरून ठेवली. त्यांना स्वतःलाही वायू लागला होता.

परत येतानाही ते सरळ आले नाहीत. वाटेतल्या खंदकाखंदकांत डोकावून, कुठे कुणी मागे राहिलंय का ते बघत, माणसं गोळा करत आले. त्यानंतर ते पुन्हा बाहेर पडले. जोरदार गोळीबार चालू असताना, साथीदारांच्या मदतीने त्यांनी आठ जखमी अधिकाऱ्यांना उचलून सुरक्षित जागी आणलं. त्यात इंग्रजही होते आणि हिंदीही. हे करतानाच ते जखमी झाले. ज्या जमिनीवर वायू साचलेला, जिथे पडलेला माणूस तासाभरात गुदमरतो, तिथून आठ जणांना उचलून आणणं म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्या दिवशी त्याच पलटणीचे हवालदार मंगल सिंग, जे स्वतः वायूने बेशुद्ध पडले होते, शुद्धीवर आल्यावर जखमींना आणायला पुन्हा पुन्हा बाहेर गेले. त्यांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळाला. एक पठाण आणि एक शीख, एकाच धुरात एकच काम करत होते. लाहोर डिव्हिजनची त्या सात-आठ दिवसांत सुमारे चार हजार माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. म्हणजे दर चारांत एक.

जखमी मीर दस्त यांना इंग्लंडला, ब्रायटन शहरात नेलं. तिथे समुद्राकाठी एक जुना राजवाडा आहे, रॉयल पॅव्हेलियन. बाहेरून घुमट आणि मिनार, म्हणजे इंग्रज राजाच्या स्वप्नातला हिंदुस्थान. डिसेंबर १९१४ पासून तो हिंदी शिपायांचा दवाखाना झाला होता. शेजारच्या डोम इमारतीसह सातशेच्या आसपास खाटा. भिंतींवर सोन्याचा मुलामा, छताला झुंबरं आणि खाली पाय तुटलेले गढवाली, पंजाबी, पठाण शिपाई. हिंदू आणि मुसलमानांसाठी स्वयंपाकघरं वेगळी, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. मुसलमानांसाठी हलाल मांसाची व्यवस्था होती आणि नमाज पढायला बागेत जागा राखली होती. जे मुसलमान शिपाई तिथे वारले, त्यांचा दफनविधी वोकिंगला व्हायचा. वोकिंगची शाहजहान मशीद १८८९ ची, भोपाळच्या बेगम शाहजहान यांनी तिच्यासाठी पैसा दिला होता, म्हणून हे नाव. जवळच्या माळावर खास कब्रस्तान बांधलं गेलं. हिंदू आणि शिखांवर ब्रायटनबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले, तिथे आज छत्री उभी आहे.

ही सगळी आदरातिथ्याची कहाणी इंग्रजांनी खूप मिरवली, फोटो काढले, पुस्तिका छापून हिंदुस्थानात वाटल्या. कारण उघड होतं. जर्मनांचा प्रचार चालू होता आणि मुसलमान शिपाई बिथरतील ही धास्ती होती. पण त्याच दवाखान्यांत शिपायांना मोकळेपणाने बाहेर फिरू देत नसत, आणि घरी पाठवलेली पत्रं आधी सेन्सॉरच्या टेबलावर जात. शिपाई उर्दूत, पश्तूत, गुरुमुखीत लिहायचे, ज्यांना लिहिता येत नसे ते दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. सेन्सॉरचे लोक त्यातल्या निवडक पत्रांचा इंग्रजी तर्जुमा करून ठेवत. आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत हे तर्जुमे आहेत. मूळ कागद मात्र बहुतेक गेले. आम्ही उर्दू शिकवणारी माणसं, आम्हाला याचं जास्त वाईट वाटतं. एका जमादाराने आपल्या दोस्ताला काय शब्दांत लिहिलं असेल, ते आज फक्त इंग्रजीतून कळतं.

मीर दस्त यांची पत्रंही त्यात आहेत. त्यांतून एवढं नक्की कळतं की व्हिक्टोरिया क्रॉस मिळाल्याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता आणि ते अल्लाहचे आभार मानत होते. पण त्याचबरोबर त्यांनी हेही लिहिलं की पदक उत्तम आहे, तरी तो वायू काही चैन पडू देत नाही, त्याने आपल्याला पुरतं खलास केलंय. जखम भरली, फुप्फुसं भरून आली नाहीत. पदकाचा फोटो सगळीकडे छापला गेला, खोकला कुणी छापला नाही.

२५ ऑगस्ट १९१५ ला पॅव्हेलियनच्या हिरवळीवर पंचम जॉर्ज बादशहाने स्वतःच्या हाताने त्यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस लावला. भोवती जखमी शिपायांच्या रांगा होत्या. व्हिक्टोरिया क्रॉस दिसायला अगदी साधा असतो, काळपट काशाचा, सोनं नाही की चांदी नाही. आणि इथे मीर दस्त यांनी जे केलं, ते आमच्या मते ईप्रच्या त्या दुपारपेक्षा कमी धाडसाचं नव्हतं. बादशहासमोर माणूस काय मागतो? जमीन, जहागीर, मुलाला नोकरी. मीर दस्त यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. एकदा जखमी झालेल्या हिंदी शिपायाला बरं करून पुन्हा खंदकात पाठवू नये, अशी त्यांनी बादशहाकडे अर्ज केली.

या अर्जाचं वजन समजून घ्यायला हवं. हिंदी शिपायांच्या पत्रांत हीच तक्रार वारंवार येते. आपण पगार घेतला, लढलो, रक्त सांडलं, आता करार पूर्ण झाला, अशी त्यांची समजूत. जखमी झालेला माणूस घरी जातो, हा त्यांचा डोंगराकडचा आणि गावाकडचा रिवाज. पण इथे पट्टी सोडली की पुन्हा बूट चढवायचे. कुणाला दोन-दोन, तीन-तीनदा पाठवलं गेलं. घरची माणसं वाट पाहत बसलेली. ज्याचा भाऊ शत्रूला जाऊन मिळाला आहे, अशा माणसाने बादशहासमोर उभं राहून फौजेच्या कारभारावर बोट ठेवणं सोपं नव्हतं. त्यांच्यावर संशय घेणारे कमी नसतील. तरी ते बोलले, आणि बोलले ते अशा शिपायांसाठी जे त्या हिरवळीवर येऊन काही बोलू शकणार नव्हते.

अर्ज मान्य झाला नाही. १९१५ संपता संपता लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचं पायदळ फ्रान्सच्या आघाडीवरून हलवलं गेलं खरं, पण घरी नव्हे, मेसोपोटेमियात, तुर्कांशी लढायला.

मीर दस्त यांना ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया हा किताबही मिळाला, ज्याबरोबर 'बहादूर' ही पदवी येत असे. ते सुभेदार झाले. पण शरीर साथ देईना, आणि १९१७ मध्ये ते फौजेतून निवृत्त झाले. तेवीस वर्षांची नोकरी, तीन सन्मान आणि अधू फुप्फुसं घेऊन ते सरहद्दीवर परतले.

कुणी विचारेल, इंग्रजांसाठी लढलेल्या माणसाचा एवढा गाजावाजा कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या महाराष्ट्रातही साताऱ्याकडच्या, कोकणातल्या कितीतरी गावांत दगडी पाट्या आहेत, या गावातून पहिल्या महायुद्धाला इतकी माणसं गेली आणि त्यातली इतकी परत आली नाहीत, असं लिहिलेल्या. त्या माणसांनी साम्राज्य वाढवायला बंदूक धरली नव्हती. पोटासाठी धरली, पलटणीच्या अब्रूसाठी धरली, शेजारी पडलेल्या सोबत्यासाठी धरली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे आपले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचा आपण अभिमान बाळगतोच ना? मीर दस्त यांनी आठ माणसांना धुरातून उचललं, तेव्हा ते कुठल्या राज्याचे हे त्यांनी विचारलं नाही. राज्य चुकीचं होतं. उचलणं चुकीचं नव्हतं.

निवृत्तीनंतर सत्तावीस वर्षांहून अधिक काळ ते जगले. खिलाफत चळवळ, खान अब्दुल गफ्फार खान यांचे खुदाई खिदमतगार, १९३० मध्ये पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र लोकांवर झालेला गोळीबार, हे सगळं त्यांच्या मुलखात, त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. दुसरं महायुद्ध संपायला काही महिने असताना, १९ जानेवारी १९४५ ला, सत्तर वर्षांचे असताना पेशावरजवळ त्यांचं निधन झालं. तिथेच त्यांना दफन केलं. अडीच वर्षांनी पेशावर पाकिस्तानात गेलं.

लंडनमध्ये हाइड पार्क कॉर्नरजवळ मेमोरियल गेट्स आहेत, तिथे व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांच्या यादीत त्यांचं नाव कोरलेलं आहे. ब्रायटनच्या पॅव्हेलियनपाशीही आता त्यांच्या नावाची निळी पाटी लागली आहे. तिथे जाणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी ती पाटी जरूर पाहावी. बागेच्या दक्षिणेला हिंदुस्थानच्या लोकांनी आणि संस्थानिकांनी भेट दिलेली कमान आहे. १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी तिचं उद्घाटन केलं होतं. ती ओलांडून आत गेलं की ती हिरवळ लागते.